आधी महिना, मग दिवस

तारीख लिहायची वेळ आली की माझा हात अजूनही कागदाच्या वर थोडा थबकतो. मग मी मनात म्हणते, आधी महिना, मग दिवस, आणि लिहिते. हे म्हणणं मानेकाकांचं. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण मला सवय आहे ती रिपोर्ट आणि असाइनमेंट लिहायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत, आई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. माणसाबद्दल कसं लिहायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून जसं आठवतं तसं लिहिते.

शिकायला म्हणून अमेरिकेत, कॅरीला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. अपार्टमेंटमध्ये अजून इंटरनेट नव्हतं, म्हणून मी पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचे. एका शनिवारी बँकेचा फॉर्म भरत होते. खिडकीजवळच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत होते. शेवटी उठून आले आणि सरळ मराठीत म्हणाले, "आज बावीस ऑगस्ट ना?"

"हो," मी दचकून म्हटलं.

"तू लिहिलंयस त्याप्रमाणे अमेरिकेत बाविसावा महिना चालू आहे."

मी कागद बघितला. २२ आधी, ०८ नंतर. मी घाईघाईने खोडायला लागले तर त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"खोडू नकोस. एक रेघ मार, सरळ. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही कर, सहीखाली तारीख घाल. या वेळी आधी महिना, मग दिवस."

मी तसं केलं. मग धीर करून विचारलं, "मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?"

"मधलं नाव दत्तात्रय, जन्मगाव इचलकरंजी. आता काय हात बघायला हवा?" असं म्हणून ते हसले. "मी मिरजेचा. दिनकर माने. मला इथे तीस वर्षं झाली, तरी तारीख लिहिताना हाताला रोज सांगावं लागतं. डोकं इथे लवकर येतं गं. हात मागे राहतो."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फक्त गमतीचं वाटलं होतं.

काका औषधाच्या एका कंपनीतून निवृत्त झाले होते. त्यांचं काम औषध बनवायचं नव्हतं. प्रत्येक घाण्याचे, म्हणजे बॅचचे, कागद तपासायचं होतं. कोणी कधी काय मोजलं, कोणी बघितलं, कोणी सही केली. एक तारीख चुकली तर अख्खा घाणा अडकून पडायचा. तिथे खोडरबर चालत नसे, व्हाइटनर चालत नसे, पेन्सिल तर हातातही धरायची नाही. चूक झाली की एक रेघ, सही आणि तारीख. मी एकदा विचारलं होतं, खोडलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, "खोडलं की चूक कोणाची ते कळत नाही. रेघ मारली की कळतं. आणि त्याने ती लपवली नाही, हेही कळतं."

अंगात कायम फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात काळ्या शाईची दोन पेनं, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. लायब्ररीतल्या प्रिंटरशी ते बैलाशी बोलावं तसं बोलायचे. "चल बाबा, एकच पान राहिलं." प्रत्येक कागदाच्या तीन कॉपी काढायचे. भूक लागली की उठून पार्किंगमध्ये जायचे आणि गाडीत बसून शेंगदाणे खाऊन परत यायचे, कारण लायब्ररीत खायचं नाही अशी पाटी होती. बाकी सगळे त्या पाटीखालीच सँडविच खात.

शैलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "तुमचे काका माझ्याशी पण कॅपिटल लेटर्समध्ये बोलतात. इतक्या वर्षांत मला एक चिठ्ठी लिहिली नाही, पण फ्रिजवरच्या वाणसामानाच्या यादीवर सही करतात."

"तारीख पण घालतो," काका पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे.

खिडकीजवळच्या त्या टेबलाशी दर शनिवारी युक्रेनहून आलेली माणसं येऊन बसत. युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या लोकांना इथे दोन वर्षं राहायची परवानगी मिळत होती, इथल्या कोणीतरी 'यांना आम्ही सांभाळू' असं लिहून दिलं की. पण ती परवानगी तात्पुरती. दोन वर्षं संपत आली की पुन्हा अर्ज. काम करायच्या कार्डाची तारीख वेगळी, लायसन्सची वेगळी, आणि एक गेली की बाकीच्या तिच्यामागे जातात. काका या तारखांमधून लोकांना हात धरून नेत. वकिलाचं काम ते करत नसत. तसं काही निघालं की एका वकीलबाईंचा नंबर देऊन मोकळे होत. ते फक्त रकाने भरत आणि पुरावे लावत.

त्यांचा एक नियम होता. "गोष्ट नंतर. आधी तारीख."

मला तो कठोर वाटायचा. एकदा एक वेल्डर आला होता, माझ्या बाबांच्या वयाचा. जुना पत्ता सांगता सांगता तो रडायला लागला, कारण त्या पत्त्यावर आता काही उरलं नव्हतं. काकांनी टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला, थोडं थांबले आणि विचारलं, "अपार्टमेंट नंबर?" माझं तोंड उतरलेलं बघून त्यांच्यातलीच एक, ऑक्साना, नंतर मला म्हणाली, "सगळे मला विचारतात, युद्ध कसं होतं. काका विचारतात, पासपोर्ट कधी संपतो. तुला माहीत नाही, किती बरं वाटतं."

ऑक्साना आणि तिची आई हालिना या काकांच्या घरच्याच म्हणायच्या. त्यांच्यासाठी 'आम्ही सांभाळू' असं लिहून देणारे काका-काकूच होते. मुलगा नोकरीसाठी ॲरिझोनात, चँडलरला गेलेला. "वरच्या दोन खोल्यांत नुसत्या सुटकेसेस राहत होत्या," काकू सांगायच्या. "मी यांना म्हटलं, माणसं राहू देत की." सहा महिन्यांनी ऑक्सानाला एका दवाखान्यात काम मिळालं आणि मायलेकी आमच्या अपार्टमेंटमध्ये, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायला आल्या. हालिनाबाई एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. त्यांना इंग्रजी यायचं नाही. काकांना त्या 'काका' म्हणायच्या. काकू म्हणायच्या, "ऐकलंत का, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे ती. तुम्ही तिला ताई म्हणायला हवं." काका त्यांना 'हालिनाबाई' म्हणत आणि दमले की त्यांच्याशी चक्क मराठीत बोलत. त्या त्यांच्या भाषेत उत्तर देत. दोघांचं बोलणं कुठे अडलेलं मी कधी बघितलं नाही.

त्या दोघी आल्या त्या दिवशीची गोष्ट काकू नेहमी सांगत. दोन दिवसांचा प्रवास करून मायलेकी दाराशी आल्या. काकू भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन पुढे गेल्या, ओवाळून टाकायला. भाकरीचा हात पुढे करून म्हणाल्या, थांबा. हालिनाबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि त्यांनी पिशवीतून पासपोर्ट काढून काकूंच्या हातात द्यायला पुढे केला. त्यांना वाटलं, आणखी एक तपासणी. आणि तो देतानासुद्धा हात मधेच आखडला, कारण त्यांच्याकडे उंबऱ्यावरून काही देत-घेत नाहीत, भांडण होतं म्हणतात. शेवटी त्या एक पाय आत टाकून, ओशाळून, उघडा पासपोर्ट धरून उभ्या राहिल्या. एका हातात भाकरी, एका हातात पाणी घेतलेल्या काकू रडायला लागल्या. "आणि हे काय करत होते सांगू?" काकू म्हणायच्या. "पासपोर्ट संपायची तारीख बघत होते."

काका एवढं का करतात, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. एकदा ते मला घरी सोडत होते. दोन्ही बाजूंना उंच पाइन, मधून रस्ता, आणि संध्याकाळचं ऊन त्या झाडांतून असं तिरकं येत होतं की वाटावं, आपण पाण्याखालून चाललोय. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा माझे कागद सरकारकडे होते. गेलो असतो तर परत येता आलं नसतं. त्यांच्या बाराव्याला मी लॅबमध्ये बसून सह्या करत होतो." सिग्नल हिरवा झाला. त्यांनी गाडी पुढे घेतली.

मायलेकींची दोन वर्षं जानेवारीत संपणार होती. सप्टेंबरच्या शेवटी एका शनिवारी त्यांचे अर्ज भरायचे ठरलं. प्रत्येकीचा अर्ज वेगळा. काकांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता, म्हणून कागदावर. मी शेजारी बसून पानं स्कॅन करणार होते.

त्या दुपारी लायब्ररीत फारसं कोणी नव्हतं. खिडकीबाहेर पाइनच्या सुया एकेक करून गळत होत्या, इतक्या सावकाश की आपण बघितलं तरच त्या खाली पडतील असं वाटावं. ऑक्सानाचा अर्ज झाला. हालिनाबाईंचा सुरू झाला. जन्मतारखेचा रकाना आला. ऑक्सानाने आईला विचारलं, आणि आई तारीख सांगायच्या ऐवजी बोलतच सुटली. ऑक्साना हसून इंग्रजीत सांगायला लागली.

"ती म्हणते, तीन तारीख, अकरावा महिना. तेव्हा माश्या आत गेलेल्या असतात. तिच्याकडे नऊ पेट्या होत्या, मधमाश्यांच्या. आजी तिला म्हणायची, तू गप्प महिन्यात जन्मलीस, म्हणून एवढी बडबडतेस."

आता काका म्हणतील, गोष्ट नंतर. मी वाटच बघत होते. पण काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी विचारलं, "थंडीत झोपतात का त्या?"

ऑक्सानाने आईला विचारलं. हालिनाबाईंनी मान हलवली आणि दोन्ही हातांचा गोळा करून दाखवला. झोपत नाहीत. अंगाला अंग लावून बसतात आणि थरथरतात. त्या थरथरण्याने ऊब राहते. बाहेरच्या हळूहळू आत जातात, आतल्या बाहेर येतात, म्हणजे कोणा एकीला सारखी थंडी लागत नाही. पेटीला कान लावला तर ऐकू येतं. लांबून समुद्र ऐकू यावा तसं.

"आणि पेट्या?" काकांनी विचारलं.

प्रत्येक पेटीचा रंग वेगळा. म्हणजे माशीला आपलं घर चुकत नाही. निघायच्या दिवशी हालिनाबाई एकेका पेटीपाशी गेल्या होत्या, कान लावायला. सहाव्या पेटीपर्यंत पोचल्या आणि...

इथे लायब्ररीवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, प्रिंटर बंद करायची वेळ झाली. सगळे भानावर आले. काकांनी उरलेले रकाने भरले, हालिनाबाईंनी सही केली, मी पानं स्कॅन केली. नेहमीप्रमाणे काकांनी अर्ज फिरवला: आधी ऑक्सानाने तपासला, मग मी, मग पुन्हा ते स्वतः. सगळं बरोबर होतं. लिफाफा बंद केला.

डिसेंबरात ऑक्सानाला मंजुरी आली. तिच्या आईला पत्र आलं: अर्जातली जन्मतारीख आमच्याकडच्या नोंदीशी जुळत नाही.

मी माझ्या लॅपटॉपवर ते पान उघडलं. जन्मतारखेच्या रकान्यात काकांच्या नीटस अक्षरात आधी ०३ होतं, मग ११. इथल्या वाचणाऱ्याला त्याचा अर्थ मार्चची अकरा तारीख. हालिनाबाईंनी सांगितलं तसं काकांच्या हाताने लिहिलं होतं, मिरजेच्या शाळेत शिकला होता तसं. ऑक्सानाने ते वाचलं होतं, तिच्या शाळेत शिकली तसं. आणि मी वाचलं होतं. तीन नोव्हेंबर. मला ते अगदी बरोबर वाटलं होतं. मला पहिल्याच दिवशी ज्यांनी या चुकीसाठी थांबवलं होतं, त्यांच्या हातून ती झाली तेव्हा त्यांना थांबवायला टेबलाशी एकही माणूस असा नव्हता, ज्याचा हात इथे पोचला होता.

काकांनी दुसऱ्याच दिवशी जन्माच्या दाखल्याच्या भाषांतरासह दुरुस्ती पाठवली. सोबत स्वतःचं निवेदन: ही चूक माझी आहे, अर्जदार बाईंची नाही. ते पोचलं असेल नसेल, तेवढ्यात बातमी आली की या अर्जांचं काम थांबवलंय, कधी सुरू होईल ते माहीत नाही. जानेवारी आला. ऑक्साना इथे राहू शकत होती. तिच्या आईची तारीख उलटून गेली होती. वृद्धाश्रमाने नाइलाजाने त्यांना कामावरून थांबवलं. वकीलबाई म्हणाल्या, वाट बघा, दुसरं काही हातात नाही; आणि निघून जायला सांगणारं पत्र आलं तर मला लगेच फोन करा. त्यानंतर ऑक्साना कामावरून आली की आधी टपालपेटीशी जायची. वर माझ्या खिडकीतून ते दिसायचं. पेटी उघडायच्या आधी ती थोडा वेळ नुसती उभी राहायची. मायलेकींपैकी एकीने राहायचं आणि एकीने जायचं, असं तर त्या पेटीतून निघणार नाही ना, एवढाच तिचा प्रश्न होता.

काका लायब्ररीत यायचे बंद झाले. टेबल रिकामं राहायला लागलं. मी फोन केला की काकू घ्यायच्या. "काय सांगू स्वाती, मसाल्याच्या बरण्यांवर तारखा घालत बसलेत. अक्षरात. 'सात जानेवारी'. काल दुधाच्या डब्यावर पण लिहिलं." मग आवाज उतरायचा. "तिच्यासमोर जाववत नाही त्यांना. ती बोलली असती काही तर बरं झालं असतं. ती काही बोलतच नाही."

मार्चमध्ये आमच्या कॉलेजला आठवडाभर सुट्टी होती. एके दिवशी सकाळी माझं दार वाजलं. बाहेर हालिनाबाई, डोक्याला रुमाल, हातात कापडाने झाकलेली ताटली. ऑक्साना कामावर होती. त्यांनी आपल्या फोनमध्ये काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यात मराठी भाषा निवडलेली होती. जुन्या रेडिओवर बातम्या द्याव्यात तशा आवाजात फोन म्हणाला, "कृपया माझ्यासोबत काकांच्या निवासस्थानी चला."

आम्ही पायी निघालो. कॅरीत पायी कोणी कुठे जात नाही. फुटपाथ मधेच संपतो, मग गवतातून चालायचं, मग पुन्हा सुरू होतो. पाइनचे पराग नुकतेच उडायला लागले होते. हवेत बारीक पिवळी भुकटी तरंगत होती. गाड्यांवर, टपालपेट्यांवर, आमच्या बाह्यांवर बसत होती. हालिनाबाई मधेच थांबून एखाद्या गाडीच्या टपावरून बोट फिरवायच्या, बोट नाकाशी न्यायच्या आणि स्वतःशीच काहीतरी म्हणायच्या. मला वाटत होतं, हा रस्ता असाच लांबत राहिला तरी चालेल.

दार काकांनी उघडलं. खूप वाळले होते. ताटली घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तर हालिनाबाईंनी मान हलवली. आधी त्या उंबरा ओलांडून आत आल्या, मग ताटली त्यांच्या हातात दिली. मधाचा केक होता, पातळ पातळ थरांचा. मग त्यांनी फोनमध्ये सांगितलं आणि फोन त्या गंभीर आवाजात म्हणाला:

"शासनाच्या कागदानुसार आज माझा जन्म झाला आहे."

अकरा मार्च. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत, मला कळलं नाही. काकांनी ताटली दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवली.

हालिनाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेलं मराठी कॅलेंडर लावलेलं असतं. त्यांनी काकांच्या खिशातलं एक पेन काढून घेतलं आणि अकरा तारखेच्या चौकोनात, एकादशीच्या की कसल्याशा बारीक अक्षरांखाली, आपल्या लिपीत आपलं नाव लिहिलं.

"चूक आहे ते," काका मराठीत म्हणाले. "हालिनाबाई, ती माझी चूक आहे. मी रेघ मारतो." त्यांनी दुसरं पेन काढलं.

हालिनाबाईंनी त्या चौकोनावर तळहात ठेवला. फोन न वापरता त्या आपल्या भाषेत बोलल्या आणि मग हवेत बोटं उडवून दाखवलं. मी फोन पुढे केला तेव्हा त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

"नोव्हेंबरमध्ये मधमाश्या आत जातात. मार्चमध्ये त्या बाहेर येतात. ही तारीख वाईट नाही. कृपया तिला राहू द्या."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी हातातलं पेन ओट्यावरच्या चमच्यांच्या भांड्यात उभं केलं. हालिनाबाईंच्या हातातलं घेतलं, तेही त्यात ठेवलं. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमची गोष्ट अर्धी राहिली. सहाव्या पेटीपाशी."

मी फोन मधे ठेवला. दुपारभर त्या बोलत होत्या आणि तो पुस्तकी आवाज त्यांच्यामागून चालत होता. सहावी पेटी मुकी निघाली होती. त्यातल्या माश्या थंडीत टिकल्या नव्हत्या. उरलेल्या आठ शेजाऱ्याच्या हवाली केल्या. शेजारी कधी कधी फोन करतो आणि काही न बोलता फोन पेटीला लावून धरतो. काका ऐकत होते. खिसा रिकामा असलेले काका मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या शनिवारी ते लायब्ररीत आले. टेबलावर एक नवा कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात: आधी महिना, मग दिवस. त्याच्याखाली युक्रेनियनमध्ये तेच, ऑक्सानाकडून लिहून घेतलेलं. आणि जन्मतारीख लिहिताना टेबलाशी इथे जन्मलेलं एक तरी माणूस हवं, असं ठरवून लायब्ररीवाल्या बाईंना ते दरवेळी बोलावून आणायचे. गोष्टी मात्र ते आता ऐकायचे. फॉर्म बाजूला ठेवून, पेनाला टोपण लावून, आधी गोष्ट ऐकायचे. मग टोपण काढायचे.

हालिनाबाईंचं मंजुरीचं पत्र आलं ते जुलैत. तोपर्यंत काका-काकू कॅरी सोडून मुलाकडे चँडलरला गेले होते. मी ऑक्सानाच्या स्वयंपाकघरातूनच फोन केला.

"वाच," काका म्हणाले. "जन्मतारीख वाच. आधी काय आहे?"

"अकरा."

"मग?"

"तीन."

मग काकूंचा आवाज आला, "अहो, बसा आधी." मग पुन्हा काका. "परवानगी कधीपर्यंत?"

"पुन्हा दोनच वर्षं, काका."

"असू दे. स्कॅन करून ठेव. तीन कॉपी." आणि मग, "हालिनाबाईंना सांग, नोव्हेंबरात फोन करीन. आणि मार्चमध्ये पण."

पण काका आठवले की मला हा फोन आठवत नाही. आठवते ती एप्रिलमधली सकाळ, ते निघाले तेव्हाची. पत्राचा काही पत्ता नव्हता. सामान ट्रकने गेलं होतं. कागदांची खोकी तेवढी काकांनी ट्रकमध्ये देऊ दिली नाहीत, म्हणून मुलगा आला होता आणि ते तिघं गाडीनेच जाणार होते, चार दिवसांचा रस्ता. परागांचा जोर होता. घराच्या पायऱ्या, झाडं, गाडी, सगळं पिवळं.

काकूंनी सगळ्यांच्या हातावर दही घातलं. मग हालिनाबाई म्हणाल्या, आता बसा. प्रवासाला निघण्याआधी त्यांच्याकडे सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं असतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. काका, काकू, हालिनाबाई, ऑक्साना, मी, आणि गाडीची किल्ली हातात घेऊन उभा असलेला मुलगाही शेवटी बसला. कुठूनतरी एक मधमाशी आली, काकांच्या बाहीवरच्या परागांवर फिरली आणि गेली. काकांनी सवयीने मनगट वळवलं, घड्याळ बघायला. मग न बघताच बाही खाली ओढली.

उठून त्यांनी शेवटचं खोकं डिकीत ठेवलं, डिकी बंद केली. मागच्या काचेवर परागांचा जाड थर बसला होता. काका त्याच्याकडे बघत राहिले, मग बोटाने त्यावर लिहिलं: १८/०४.

मुलगा बघत होता. "बाबा, दॅट्स बॅकवर्ड्स," तो म्हणाला.

काकांनी पुन्हा एकदा वाचलं. बोट त्या तारखेपाशी गेलं, रेघ मारायला जावं तसं, आणि तिथेच थांबलं.

"असू दे," ते म्हणाले. "वाचता येतंय ना?"

आणि पुढे जाऊन बसले. गाडी सावकाश निघाली. वळणापर्यंत ती तारीख मला वाचता येत होती.